घर सोडले, डिपॉझिट अडले

लीव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवताना महाराष्ट्र शासन मुद्रांक शुल्क कसे आकारते, ते एकदा बारकाईने पाहावे. पूर्ण मुदतीचे भाडे धरले जाते. परत न मिळणारी काही रक्कम ठरली असेल तर तीही धरली जाते. शिवाय परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के दराने जे व्याज होईल तेही त्यात मिळवले जाते, आणि या सगळ्या बेरजेवर ०.२५ टक्के शुल्क लागते. हे व्याज प्रत्यक्षात कोणी कोणाला देत नाही. पण तुमचे एक लाख रुपये घरमालकाकडे वर्षभर राहिले तर त्याला दहा हजारांचा लाभ झाला, असे शासन धरून चालते. भाडेकरूच्या हाती येणाऱ्या करारनाम्यात मात्र ‘बिनव्याजी’ हा शब्द आधीच छापलेला असतो. व्याजाचे राहू द्या, घर सोडल्यावर अनेकांना मुद्दलासाठीसुद्धा महिनोन्महिने फोन करत बसावे लागते.

डिपॉझिट ही घरमालकाने भाडेकरूकडून घेतलेली बिनतारण उसनवारी आहे. ती परत करण्याची वेळ येते तेव्हा ती रक्कम घरमालकाच्या खात्यात बहुतेक वेळा नसतेच. ती फ्लॅटच्या हप्त्यांत गेलेली असते, मुलांच्या फीमध्ये गेलेली असते, किंवा आधीच्या भाडेकरूला परत करण्यातच संपलेली असते. ‘नवीन भाडेकरू आला की देतो’ हे वाक्य पुण्या-मुंबईत इतक्या जणांनी ऐकलेले असते, त्याचे कारण हेच. पण नवा भाडेकरू मिळेपर्यंत जुन्याने थांबावे, असे कोणताही कायदा म्हणत नाही. करारात तसे लिहिले नसेल तर ती फक्त घरमालकाची सोय आहे, आणि त्या सोयीचा भार तुम्ही उचलायचे कारण नाही.

पैसे मिळणार की अडकणार, हे बरेचसे किल्ली देण्याच्या दिवशी ठरते. बहुतेक करारनाम्यांत मोकळा ताबा आणि डिपॉझिटची परतफेड एकाच वेळी व्हावी, असे लिहिलेले असते. व्यवहारात मात्र भाडेकरू आधी किल्ली देऊन मोकळा होतो, आणि त्याच्या हातातली एकमेव गोष्ट निघून जाते. टेम्पो दारात उभा असतो, पुढच्या घराचे भाडे सुरू झालेले असते, मुलांची शाळा सुरू व्हायची असते. या घाईत ‘आठवड्याभरात टाकतो’ या शब्दावर ताबा दिला जातो. त्या दिवशी आग्रह धरायचाच असेल तर तो चेकसाठी धरावा. रक्कम तयार नसेल तर पुढच्या तारखेचा, पूर्ण रकमेचा, घरमालकाच्या सहीचा चेक मागावा. त्याचे महत्त्व पुढे येईलच. चेकही मिळत नसेल तर निदान एक कागद करावा: अमुक तारखेला मोकळा ताबा मिळाला, अमुक रक्कम देणे आहे, ती अमुक तारखेपर्यंत देईन, आणि खाली सही. चार ओळींचा हा कागद पुढच्या सगळ्या वादांत वकिलाच्या दहा पानांपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

पैसे मिळत नाहीत म्हणून घरातच राहू, असे काही जण ठरवतात. हा मार्ग धोक्याचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याच्या २४ व्या कलमाप्रमाणे लायसन्सची मुदत संपल्यावर ताबा न सोडणाऱ्याला दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागू शकते, आणि घरमालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन त्याला बाहेर काढू शकतो. डिपॉझिट परत मिळेपर्यंत भाडेकरूने भाडे न देता राहावे, असे कलम काही करारनाम्यांत असते. तुमच्या करारात ते असेल तर गोष्ट वेगळी. नसेल तर दोन महिने अडून बसल्यावर चार महिन्यांचे भाडे डिपॉझिटमधून वळते केले जाईल, आणि ते तुम्हाला रोखता येणार नाही.

आता कपातींकडे येऊ. खरी कुरबूर इथेच असते. पूर्ण डिपॉझिट बुडवणारे घरमालक थोडे. रंग, साफसफाई, गीझर, एसी सर्व्हिसिंग, भिंतीतले खिळे असे करत करत लाखाचे साठ हजार करणारे पुष्कळ. इथे मूळ तत्त्व जुने आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या १०८ व्या कलमात भाडेपट्टेदाराने घर ज्या स्थितीत घेतले त्या स्थितीत परत द्यावे असे म्हटले आहे. पण वाजवी वापराने होणारी झीज त्यातून वगळली आहे. लीव्ह अँड लायसन्स हा तांत्रिकदृष्ट्या भाडेपट्टा नसला, तरी बहुतेक करारनाम्यांत ‘नैसर्गिक झीज सोडून’ हेच शब्द आलेले असतात. दोन वर्षांत भिंतीचा रंग फिका पडला, नळाचा वॉशर गेला, दाराची कडी सैल झाली, तर ती झीज आहे, आणि तिची किंमत तुम्ही दरमहा भाड्यातून मोजलेली आहे. सिंकखालची फरशी फुटली किंवा मुलाने भिंतीवर तेलखडूने चित्रे काढली, तर ते नुकसान आहे आणि ते भरून द्यायला हवे. घर सोडताना रंगकामासाठी एक महिन्याचे भाडे कापले जाईल, असे करारातच लिहून तुम्ही सही केली असेल, तर नंतर वाद घालणे अवघड जाते. म्हणून ते कलम सहीआधी वाचावे आणि खोडायला सांगावे.

कपात करणाऱ्याने बिल दाखवावे, हा आग्रह कधीही सोडू नये. ‘पेंटरने तीस हजार सांगितले’ याला बिल म्हणत नाहीत. घरात शिरतानाचे आणि निघतानाचे व्हिडिओ, तेही तारखेसह, प्रत्येक खोलीचे आणि प्रत्येक नळाचे, तुमच्याजवळ असतील तर अर्धा वाद तिथेच संपतो. विजेचे शेवटचे बिल पुढच्या महिन्यात येते, त्यामुळे घरमालक काही रक्कम मागे ठेवतो. हे रास्त आहे, पण त्यासाठी दोन हजार पुरेत, वीस हजार कशाला? निघण्याच्या दिवशी वीज आणि पाइप गॅस या दोन्ही मीटरचे रीडिंग फोटोत घेऊन घरमालकाला पाठवावे. आणखी एक कपात मी अनेकांच्या हिशेबात पाहिली आहे: सोसायटीचे बिनभोगवटा शुल्क. सभासद स्वतः राहत नसेल तर सोसायटी ते लावते, आणि १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाप्रमाणे ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. ते सभासदाचे, म्हणजे घरमालकाचे देणे आहे. करारात तुमच्यावर टाकलेले नसेल तर ते तुमच्या डिपॉझिटमधून वळते होऊ शकत नाही.

मुदतीआधी घर सोडणाऱ्यांचे प्रकरण थोडे गुंतागुंतीचे आहे. लॉक-इन मोडला, म्हणून सगळे डिपॉझिट जप्त, असे घरमालक सांगतो आणि करारातले कलमही दाखवतो. पण भारतीय करार कायदा, १८७२ याच्या ७४ व्या कलमाप्रमाणे करारात लिहिलेली रक्कम ही भरपाईची कमाल मर्यादा असते. प्रत्यक्षात मिळते ती वाजवी भरपाई. कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या २०१५ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की नुकसान झालेच नसेल तर अनामत जप्त करता येत नाही. तुम्ही गेल्यावर पंधरा दिवसांत तेच घर जास्त भाड्याने गेले असेल, तर घरमालकाचे नुकसान किती झाले, हा प्रश्न तुम्ही विचारू शकता. नव्या भाडेकरूची तारीख इमारतीच्या वॉचमनला माहीत असतेच. नोंदणी झाली असेल तर कागदावरही असते.

पण आमचा करार नोंदवलेलाच नाही, साधा नोटरी केलेला आहे किंवा सगळे तोंडीच ठरले आहे, असे म्हणणारे खूप भेटतात, आणि तेच सर्वांत आधी हार मानतात. त्यांनी १९९९ च्या कायद्याचे ५५ वे कलम माहीत करून घ्यावे. अकरा महिन्यांचा करार असला तरी तो लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे, असे ते कलम सांगते. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकावर टाकते. ती न पाळणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे लेखी नोंदणीकृत करार नसेल तर कोणत्या अटींवर घर दिले, याबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. ते खोटे ठरवायचे तर पुरावा समोरच्याने द्यायचा. म्हणजे कागद नसण्याचा फटका कायद्याने घरमालकाच्या बाजूला ठेवला आहे. डिपॉझिट बँकेतून किंवा यूपीआयने गेले असेल, तर रक्कम दिल्याचा पुरावाही हाती आहे. रोखीने दिले असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवरचे संवाद जपून ठेवावेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमाखालचे प्रमाणपत्र जोडून ते कोर्टात दाखल करता येतात. फोन बदलताना जुने चॅट पुसले जाणार नाहीत, एवढे बघावे.

एकत्र फ्लॅट घेऊन राहणाऱ्या मुलामुलींना एक वेगळे सांगणे आहे. करार एकाच्या नावावर, पैसे चौघांचे, आणि एक जण निघाला की त्याचा वाटा नवीन येणारा परस्पर देतो, अशी पद्धत हिंजवडी-वाकडपासून ऐरोलीपर्यंत रुळलेली आहे. घरमालकाच्या दप्तरी मात्र पहिलेच नाव राहते. शेवटी घर सोडताना पैसे पहिल्याच्या खात्यावर जातात, आणि तो एव्हाना हैदराबादला गेलेला असतो. माणूस बदलला की घरमालकाला कळवून, निदान एका ईमेलवर त्याची संमती घेऊन ठेवावी. ‘हेवी डिपॉझिट’वर घर घेणाऱ्यांचा धोका तर याहून मोठा. भाडे नाही किंवा नाममात्र, त्याऐवजी सात-आठ लाख एकरकमी, असा हा व्यवहार. फ्लॅट बँकेकडे गहाण असेल आणि घरमालकाने हप्ते थकवले, तर २००२ च्या सरफेसी कायद्याखाली बँक ताबा घ्यायला येते. तुमचे आठ लाख बिनतारण, बँकेचे कर्ज तारणाचे. तेव्हा रांगेत तुमचा नंबर कुठे लागेल, हे वेगळे सांगायला नको. असा व्यवहार करण्याआधी घरावर कर्ज आहे का, याचा शोध वकिलाकडून घ्यायलाच हवा.

एवढे करूनही पैसे आले नाहीत, तर पहिले पाऊल म्हणजे लेखी मागणी. आधी स्वतः एक ईमेल किंवा पत्र पाठवा, त्यात कराराची तारीख, दिलेली रक्कम, ताबा दिल्याची तारीख, मान्य असलेल्या कपाती आणि उरलेली रक्कम लिहा, पंधरा दिवसांची मुदत द्या. दाद लागली नाही तर वकिलाची नोटीस. ती पोस्टाने, पोचपावतीसह जावी. समोरच्याने घेण्यास नकार दिला, तरी बरोबर पत्त्यावर पाठवलेली नोटीस बजावली गेली असेच कायदा मानतो. परत आलेले पाकीट न फोडता तसेच ठेवावे. नोटिशीत व्याजाची मागणी न विसरता करावी. १९७८ च्या व्याज कायद्याप्रमाणे करारात परतफेडीची तारीख ठरलेली असेल तर त्या तारखेपासून, नसेल तर व्याज मागणाऱ्या लेखी नोटिशीपासून कोर्ट व्याज देऊ शकते. अनेक प्रकरणे नोटिशीवरच मिटतात. त्याचे कारण सरळ आहे: वकिलाचा खर्च आता आपल्यालाही करावा लागणार, हे घरमालकाच्या लक्षात येते.

चेक घेतला असेल तर तुमच्या हातात खरे बळ आहे. तीन महिन्यांच्या आत तो बँकेत भरावा. खात्यात पैसे नाहीत म्हणून तो परत आला, तर तशी सूचना मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यायची, पैसे भरायला घरमालकाला १५ दिवस मिळतात, आणि ते संपल्यावर एका महिन्याच्या आत परक्राम्य संलेख अधिनियमाच्या १३८ व्या कलमाखाली न्यायदंडाधिकाऱ्याकडे तक्रार करायची. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही. या तारखा चुकवल्या तर मात्र वकिलालाही फारसे काही करता येत नाही.

पोलीस ठाण्यात गेल्यास ‘हा दिवाणी मामला आहे’ असे उत्तर मिळते, आणि बहुतेक वेळा ते बरोबर असते. ग्राहक आयोगाकडेही निव्वळ घर भाड्याने देण्याला ‘सेवा’ मानले जाणे कठीण. पीजी आणि खासगी होस्टेलांचे तसे नाही: २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सेवेच्या व्याख्येत राहण्या-जेवणाची सोय धरली आहे, आणि पाच लाखांपर्यंत मोबदला दिलेल्या प्रकरणांत तक्रारीला शुल्क नाही. होस्टेलचे डिपॉझिट बुडालेल्या विद्यार्थ्यांनी तो दरवाजा अवश्य ठोठावावा.

इतरांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे असे मला मनापासून वाटते. दावा दाखल करण्याआधीच साधा अर्ज करून प्रकरण लोकन्यायालयात ठेवता येते. प्राधिकरण घरमालकाला नोटीस काढून बोलावते. तडजोड झाली तर तो निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकाच बंधनकारक असतो, आणि त्यावर अपील नाही. तडजोड दोघांच्या संमतीनेच होते, ही त्याची मर्यादा. पण कोर्टाच्या आवारातल्या खोलीत समोरासमोर बसल्यावर लोक बोलायला तयार होतात. महिलांना उत्पन्न कितीही असले तरी या प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत असलेल्यांनाही मिळतो.

शेवटचा मार्ग दिवाणी दाव्याचा. लेखी करारात रक्कम निश्चित लिहिलेली असल्याने दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ३७ व्या आदेशाखाली समरी सूट दाखल करता येते का, हे वकिलाला मुद्दाम विचारा. त्यात प्रतिवादीला समन्स मिळाल्यापासून दहा दिवसांत हजर व्हावे लागते, आणि बचाव मांडण्यासाठी आधी कोर्टाची परवानगी घ्यावी लागते. बचाव लंगडा वाटला तर रक्कम कोर्टात भरण्याच्या अटीवरच ती परवानगी मिळते. दावा घर जिथे आहे तिथल्या कोर्टात करता येतो. घरमालक न्यू जर्सीत आणि फ्लॅट बाणेरला, तरी दावा पुण्यातच चालू शकतो. घरमालक वारला असेल तर त्याच्या वारसांकडून, त्यांना मिळालेल्या मिळकतीच्या मर्यादेत वसुली होते. हुकूमनामा मिळाल्यावरही पैसे दिले नाहीत तर दरखास्त करायची, आणि ती करायला १२ वर्षांची मुदत असते. त्यात बँक खाते जप्त होते, इतकेच काय, नव्या भाडेकरूकडून येणारे भाडेसुद्धा जप्त करून घेता येते.

एवढी धावपळ एका माणसाला त्याच्याच पैशासाठी करावी लागते, ही व्यवस्थेची मोठी उणीव आहे. इंग्लंडमध्ये एप्रिल २००७ पासून घरमालकाला डिपॉझिट मान्यताप्राप्त संरक्षण योजनेत ठेवावे लागते, आता ते ३० दिवसांच्या आत. न ठेवल्यास कोर्ट डिपॉझिटच्या एक ते तीन पट रक्कम भाडेकरूला द्यायला लावते, आणि कपातीचा वाद योजनेकडेच मोफत सुटतो. तिथे शिकायला गेलेल्या आपल्या मुलांनी घर घेतल्यावर पैसे कोणत्या योजनेत ठेवले, हे लगेच विचारावे. आपल्याकडे केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी आदर्श भाडेकरू कायद्याला मंजुरी दिली. राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त डिपॉझिट घेऊ नये आणि ताबा घेतानाच ते परत करावे, असे त्यात आहे. पण तो नमुना आहे. राज्याने आपला कायदा केल्याशिवाय तो लागू होत नाही. डिपॉझिट त्रयस्थ खात्यात ठेवण्याची तरतूद महाराष्ट्राने करायला हवी. ऑनलाइन करार नोंदणीची यंत्रणा राज्याकडे आहेच.

ज्यांचे पैसे आज अडकलेले आहेत, त्यांच्यासाठी एक तारीख महत्त्वाची आहे. मुदत कायदा, १९६३ प्रमाणे अशा वसुलीच्या दाव्याला तीन वर्षे मिळतात, आणि ती ताबा दिल्याच्या दिवसापासून मोजणे सुरक्षित. ‘देतो, देतो’ या फोनवरच्या आश्वासनांनी ती वाढत नाहीत. वकिलाच्या नोटिशीनेही वाढत नाहीत. मुदत संपण्याआधी घरमालकाने देणे मान्य असल्याचे लेखी, सहीनिशी दिले, तरच त्या दिवसापासून नवी तीन वर्षे सुरू होतात. घर सोडून दोन वर्षे उलटली असतील, तर पुढच्या आश्वासनाची वाट न पाहता या आठवड्यात कागद गोळा करा आणि वकिलाला किंवा विधी सेवा प्राधिकरणाला भेटा.